गेटवरचा बिनडोळ्याचा फोन

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर हातात पेन आलं ते फक्त सही करायला. ही वही मुलीची आहे, मागची पानं कोरी उरली होती. कोणाला दाखवायला म्हणून लिहीत नाही. चार माणसांसमोर माझा आवाज घशातच राहतो, आणि ही गोष्ट अजून मी घरातसुद्धा पूर्ण सांगितलेली नाही. चुकून कोणी वाचलंच तर अक्षर लावून वाचावं.

करंजाड्याच्या एका मोठ्या सोसायटीत मी झाडलोट करते. चार टॉवर आहेत, जिने, लॉबी, पार्किंग, सगळं आम्ही बायका करतो. आमची पाळी ठेकेदाराकडून. सकाळी सहा ते एक माझी, एक ते आठ दुसरीची. त्या वेळी माझ्यानंतरच्या पाळीला एक कातकरी मावशी होती. डोंगराच्या कडेच्या वाडीतली, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, पण अंगाने माझ्यासारखीच सुकलेली. तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. निळा कोट घातला आणि कपाळावर रुमाल बांधला की पाठमोरं आम्हाला कोणी ओळखत नसे, दोघींना एकाच नावाने हाक मारत.

त्या नोकरीचं मावशीला किती मोल होतं ते मला माहीत होतं. त्यांच्या वाडीतली घरं पावसाळ्यात वीटभट्टीवाल्याकडून उचल घेतात, म्हणजे आधीच पैसे, आणि दिवाळीनंतर ते फेडायला सगळी माणसं भट्टीवर जातात ती थेट पावसाच्या तोंडाशी परत येतात. मावशी लहानपणापासून तेच करत आली होती. त्या वर्षी पहिल्यांदा तिने उचल घेतली नव्हती. चावी हातात देताना ती मला म्हणायची, "बाय, औंदा मी भट्टीव जानार नाय. जावयाला सांगून टाकलाय, उचलीला माजा अंगठा धरू नको. मना म्हैन्याचा पगार हाय."

हे ती दर दोन-तीन दिवसांनी सांगायची. मी नुसती हसायची.

आमची हजेरी फोनवर असते. गेटच्या केबिनबाहेर लोखंडी स्टँडला एक फोन लावलेला, पडदा आमच्याकडे. समोर उभं राहायचं, पडद्यावर आपलंच तोंड दिसतं, ते गोलात आणायचं. फोनच्या आतली बाई हिंदीत सांगते, कॅमेऱ्याकडे बघा, डोळे मिचकावा. मग हिरवी खूण येते आणि खाली आपलं नाव. नाव इंग्रजीत येतं. मला इंग्रजी येत नाही, पण माझं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते बँकेच्या पासबुकावरून मला पाठ आहे.

आधी जो फोन होता त्याच्या पडद्याला वर मधोमध काळी खाच होती आणि त्या खाचेत कॅमेऱ्याचा डोळा. त्याला नॉच म्हणतात हे मला नंतर कळलं. मला तो फोन बरा वाटायचा. मला माणसाच्या डोळ्यात बघता येत नाही. आरशातसुद्धा मी भांग आणि कुंकू एवढंच बघते. पण त्या काळ्या खाचेकडे मी बघू शकायची. ते नुसतं भोक होतं, ते माझ्याबद्दल काही मनात आणणार नव्हतं. रोज दोन वेळा मान वर करून मी त्याच्याकडे बघायची आणि माझी हजेरी लागायची.

गणपतीत मंडपवाल्यांचा बांबू लागून स्टँड पडला आणि तो फोन फुटला. दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने आपला स्वतःचा फोन आणून लावला. सुपरवायझर म्हणजे ठेकेदाराचा पुतण्या, पंचवीस-सव्वीस वर्षांचा. वाईट नव्हता, पण बोलताना माणसाकडे न बघता फोनकडे बघायचा. त्याचा फोन चकचकीत, काळा, नुसती काच. वर खाच नाही, भोक नाही, काहीच नाही.

त्या सकाळी गेटवर जी चर्चा झाली ती मला बरीचशी आठवते, कारण मी शेजारी झाडत होते आणि मला हलता येईना. गेटवरचे वॉचमन काका उरणकडचे, साठीचे. एके काळी त्यांच्या घरची मिठागराला लागून खार, म्हणजे खाडीकाठची भातशेती होती, जमीन गेली, तिचे आलेले पैसेही गेले, आता ते आमच्या गेटवर. तिसरा लिफ्टवाला मेकॅनिक होता. त्याला फोनमधलं सगळं कळतं असं तोच सांगायचा.

काका फोनकडे वाकून म्हणाले, "याचा कॅमेरा कुठं हाय?"

"आत आहे काका. डिस्प्लेच्या खाली. दिसणार नाही," सुपरवायझर म्हणाला.

"दिसनार नाय तर बगनार कसा?"

"तोच तर फंडा आहे. त्याला तुम्ही दिसता, तुम्हाला तो दिसत नाही. नॉच नाही, पंच होल नाही, फुल स्क्रीन. पिक्चर बघताना हिरोच्या डोक्यात भोक पडत नाही."

"माज्या सासऱ्याच्या दाराला भोक व्हता," काका म्हणाले. "भाईर कोन उबा हाय ते आतल्याला कलायचा, आनि आतून सासरा बगतोय ते मना बी कलायचा. मी लगेच शर्टाचा बटन लावायचो. हितं मानसानं बटन कवा लावायचा?"

मेकॅनिक हसला. सुपरवायझरला म्हणाला, "भाई, पण खरं सांग, ह्याच्यावर सेल्फी कसा येतो? काचेतून आणि पडद्यातून उजेड आत जायला पाहिजे ना. धुरकट येत असणार."

"थोडा सॉफ्ट येतो."

"सॉफ्ट म्हणजे तुझा साखरपुड्याचा फोटो, ज्यात तुझी होणारी बायको तुला ओळखेना."

"ए, गप रे."

"म्हणून दिलास ना गेटवर? नवीन घेतलास तो भोकवालाच घेतलास. दाखव खिशातला."

सुपरवायझरने खिशातला दाखवला नाही. "नॉचवाला फोन म्हणजे टकलावर तीट लावल्यासारखा दिसतो," एवढं म्हणाला आणि आम्हाला हाका मारल्या. फोन बदलला म्हणून सगळ्यांचे चेहरे नव्याने घ्यायचे होते.

माझा नंबर आला. मी समोर उभी राहिले. पडद्यावर माझं तोंड होतं, त्यामागे सुपरवायझरचं, काकांचं, मेकॅनिकचं. कुठे बघायचं ते मला कळेना. आतली बाई सांगत होती, कॅमेऱ्याकडे बघा, कॅमेऱ्याकडे बघा. सुपरवायझर म्हणाला, "ताई, वर बघा ना. अहो वर. मध्ये." वर मधे तर माझंच कपाळ होतं. तिन्ही पुरुष माझ्याकडे बघत होते. माझी मान खाली गेली, रुमाल भुवयांवर ओढला गेला, आणि कसाबसा फोटो निघाला. "चालेल," तो म्हणाला. "नेक्स्ट."

एवढंच झालं. मावशीचा फोटो दुपारी घेतला, तो मी बघितला नाही.

पहिल्या दोन दिवसांत सगळ्याच बायकांचे हाल झाले. कोणाची हजेरी पाच मिनिटं लागेना, कोणाची लागायची पण डोळे मिचकावून मिचकावून पाणी यायचं. तेव्हा आमच्यातल्या एकीने युक्ती काढली. बाथरूमच्या आरशाला टिकली चिकटवतो तशी फोनला टिकली चिकटवायची, म्हणजे बघायचं कुठे ते कळेल. काकांनी बॅटरी तिरकी धरून शोधून दिलं. काच तिरकी बघितली की वरच्या बाजूला मच्छरदाणीच्या कापडासारखा एक बारीक चौकोन दिसत होता. तिने कपाळाची मरून टिकली काढली आणि बरोबर त्या चौकोनावर लावली. आम्हाला फार हुशारी वाटली. मग अर्धा तास एकीचीही हजेरी लागली नाही. पडदा नुसता लाल-काळा. सुपरवायझर आला, टिकली बघितली, कपाळाला हात लावून खाली बसला. "अहो बायांनो, त्याच्या डोळ्यावरच टिकली लावलीत." आम्ही तोंडाला पदर लावून हसलो, काकासुद्धा हसले. नंतर ती टिकली अर्धं बोट खाली सरकवली आणि तशीच ठेवली. बायकांना तिचा उपयोग झाला. पण फोटो तर आधीच निघालेले होते.

एक वाजता मी माझी हजेरी लावून तिथेच थांबायची, कारण झाडू-बादलीच्या खोलीची चावी मावशीच्या हातात द्यायची असायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मावशी फोनसमोर उभी राहिली, हिरवी खूण आली, आणि खाली नाव आलं ते माझं.

मला वाटलं माझंच मघाचं राहिलं असेल. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बघितलं. पडदा आधी काळा झाला. मग मावशीचं तोंड आलं, धुरातून बघितल्यासारखं. हिरवी खूण. माझं नाव. मावशी म्हणाली, "आला ना हिरवा? चल दे चावी." तिला वाचता येत नव्हतं. तिचा सगळा भरवसा हिरव्या रंगावर होता.

मला सांगायचं होतं. सुपरवायझर केबिनमध्येच होता, पण त्याच्याशेजारी मेकॅनिक होता आणि बाराव्या मजल्यावरचा एक मुलगा, तिघांचं परत तेच चाललं होतं, खाच बरी की भोक बरं की लपलेला बरा. तो मुलगा सांगत होता की दोन-तीन वर्षांत सगळे फोन असेच येतील, आणि तेव्हा फोटोही स्वच्छ येतील, आत्ता फक्त सुरुवात आहे. सुपरवायझर म्हणत होता, "सांग ह्याला, सांग." मेकॅनिक म्हणत होता, "येतील तेव्हा येतील, आज तोंड ओळखत नाही त्याचं काय?" मी केबिनच्या दाराशी उभी होते. दोनदा पाऊल आत टाकलं. कोणीतरी विचारलं असतं, काय पाहिजे ताई, तर कदाचित बोलले असते. कोणी विचारलं नाही. मी घरी गेले.

उद्या सांगू म्हटलं. उद्या तो नव्हता. परवा होता, पण रागात होता.

इथपर्यंत ते माझ्या लाजेवर घालता येईल. पुढचं घालता येणार नाही. दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या टॉवरची एक बाई मला म्हणाली, "तू डबल करतेस वाटतं हल्ली? काल लिस्ट बघत होता सुपरवायझर, तुझ्यापुढे डबल होतं." एका दिवसात दोन पाळ्या केल्या की दोन पाळ्यांचे पैसे मिळतात. मी चालत रिक्षा स्टँडपर्यंत आले आणि तिथे मला नीट समजलं. मावशीची पाळी माझ्या नावावर चढत होती. तिचे पैसे माझ्या खात्यात येणार होते.

त्या दिवसांत आमचं घर कसं होतं ते लिहिते. ते लिहिल्याने माझी चूक कमी होत नाही, पण ते तसं होतं. नवरा गोदामात माल चढवायचा, त्याच्या कमरेत भरलं, तीन महिने तो सुकापूरच्या खोलीत आडवा होता. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. घरमालकीण बाई रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मला ऐकू जाईल असं शेजारणीला सांगायची की एक तारखेनंतर तिला खोलीला रंग काढायचा आहे. मुलीची सहामाही चालू होती.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मावशी फोनसमोर उभी राहिली. कधी कधी तिचं स्वतःचं नाव बरोबर यायचं. त्या दिवशी मी देवाला म्हटलं, तिचं येऊ दे, म्हणजे प्रश्न मिटेल. माझं आलं. आणि मला बरं वाटलं. हे मी इथे लिहून ठेवते. मला बरं वाटलं.

त्यानंतर मी पडद्याकडे बघणं सोडलं. चावी द्यायची आणि निघायचं. माणूस लाजेने गप्प असो की लोभाने, बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मला सगळे लाजाळू म्हणूनच ओळखत होते, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही.

पगार बँकेत आला. माझ्या नेहमीच्या पगारावर सहा हजार चारशे साठ जास्त. सतरा दिवस, दिवसाचे तीनशे ऐंशी. त्याच संध्याकाळी मी भाडं दिलं.

दुसऱ्या दिवशी मी सुटायच्या वेळी मावशी केबिनमध्ये होती. बँकेतून कागद घेऊन आली होती, तो तिने सुपरवायझरच्या टेबलावर ठेवला होता. सुपरवायझर लिस्ट बघत होता.

"मावशी, तुमचे नऊ दिवस आहेत."

"नऊ कशे? मी रोज येतंय."

"इथे नऊच आहेत. बाकीचे अॅबसेंट."

"अरं मी रोज येतंय. हिरवा बगून आत जातंय."

वॉचमन काका दारात आले. "ती रोज येते सायेब. मी गेटवं हाय, मी बगतो ना."

"काका, तुम्ही बघता हो. पण मला वर मशीनचं दाखवायला लागतं. तुमचे डोळे मी ऑफिसला पाठवू का?"

"तुज्या मशीनला डोला नाय," मावशी म्हणाली. "आदीच्या फोनला डोला व्हता, तवा माजा एक बी दिवस गेला नाय. याला डोलाच नाय तर हा मना काय बगनार? ज्याचा डोला दिसत नाय त्याच्याफुडं आमी उबा ऱ्हायाचा, आनि तो बोलेल ता खरा?"

सुपरवायझर जरा अडला. मला वाटतं त्यालाही ते पटलं होतं. मग त्याने दाराशी मला बघितलं आणि त्याला सुटका सापडल्यासारखं झालं. "ह्या ताई रोज एकला सुटतात. त्यांना विचारू. ताई, ह्या मावशी रोज येतात का हो ड्युटीला? रोज भेटतात तुम्हाला?"

मावशी माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी साक्षीला आहे म्हटल्यावर ती निर्धास्त झाली होती.

मी जमिनीकडे बघत म्हटलं, "मला तसं नक्की नाही सांगता येणार. मी घाईत असते."

 काकांनी माझ्याकडे बघितलं असावं. मावशी एवढंच म्हणाली, "चावी कोनाच्या हातात देतंस मंग?" हे तिने रागाने म्हटलं नाही. खरंच विचारलं. सुपरवायझरने ते ऐकलं की नाही माहीत नाही, कारण तेवढ्यात त्याचा खिशातला फोन वाजला.

सतरा दिवस गैरहजर म्हणून मावशीला त्याच आठवड्यात काढलं. तिच्या जागी खांदा कॉलनीतून एक पोरगी आली.

दिवाळीनंतर तो फोन गेटवरून निघाला. रहिवाशांच्या कामवाल्याही त्याच्यावर नोंदायच्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्या जणींची हजेरी लागेना, म्हणून सोसायटीनेच ठेकेदाराला सुनावलं. साधा फोन आला, वर थेंबासारखी खाच असलेला. परत सगळ्यांचे चेहरे घ्यायचे. सुपरवायझर जुन्यातली एकेक नोंद काढून नवी करत होता. माझी काढताना तो थांबला आणि मेकॅनिकला बोलावलं. "हे बघ. ताईंचा फोटो बघ."

मीही बघितला. धुरकट कपाळ, त्यावर रुमाल, खाली झुकलेल्या पापण्या, नाकाचा थोडा भाग. डोळे नव्हतेच.

मेकॅनिक म्हणाला, "अरे, हे तर कोणीही असेल. ह्याच्यावर कुठलीही रुमालवाली बाई मॅच होईल."

"तरीच," सुपरवायझर हळू आवाजात म्हणाला, आणि माझ्याकडे एकदा बघून ती नोंद पुसली. "ताई, ह्या खाचेत बघा. हां, बरोबर." मी खाचेत बघितलं आणि पहिल्या फटक्यात फोटो निघाला.

तोपर्यंत मी मनात म्हणत होते की चूक फोनची, मी फक्त गप्प राहिले. पण धुरकट तर मावशीचा फोटोही होता, कमी-जास्त सगळ्यांचेच होते. मान मी खाली घातली होती. पहिल्या दिवसापासून तिचे दिवस माझ्या त्या फोटोत जाऊन पडत होते.

दोन दिवसांनी मी सुपरवायझर एकटा असताना केबिनमध्ये गेले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी न बोलावता गेले. म्हटलं, "त्या मावशीचे सतरा दिवस माझ्यावर आलेत. मी डबल केलं नव्हतं."

त्याने नजर फोनकडे वळवली. मग म्हणाला, "मला कळलंय ताई. परवा फोटो बघितला तेव्हाच कळलं. पण महिना क्लोज झाला. डबलचं बिल सोसायटीकडून पास झालंय. आता हे उघडलं तर काका मला ठेवणार नाही, आणि तुम्हालाही नाही. तिला काढल्याचंही मलाच विचारतील." 'काका' म्हणजे त्याचा काका, ठेकेदार. "तुम्ही शांत बसा. तुम्हाला तर जमतं ते."

तो टोमणा होता की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

वॉचमन काकांना मी विचारलं, मावशी कुठे असते. ते माझ्याशी त्या दिवसापासून कामापुरतंच बोलत होते. म्हणाले, "भट्टीव. जावयानं उचल घेतली. सगलीच गेली." आणि भट्टी कुठली ते सांगितलं.

माझ्या सुट्टीच्या दिवशी पनवेलहून एसटीने गेले, अर्धा तास, मग नदीच्या बाजूने चालत. बरोबर हजार रुपये होते, मुलीच्या कानातले दुकानात गहाण ठेवून आणलेले. मावशी कच्च्या विटा उलटत होती. ओळीने बसून सरकत जायचं आणि एकेक वीट वाळायला उभी करायची, असं ते काम असतं. हाताला, केसाला, पापण्यांना तीच राखाडी माती. मला बघून ती हसली. "तू कशी आलीस गो बाय? बस."

मी बसले आणि सांगितलं. सलग नाही सांगता आलं. ती विटा उलटत राहिली आणि मी तिच्याबरोबर सरकत राहिले. फोटोचं सांगितलं, नावाचं सांगितलं, पैशाचं सांगितलं.

"म्हंजे तू नाव वाचला व्हतास," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"पयल्याच आठवड्यात."

"हो."

"आनि मी तुज्याकडं बगितला, तवा बी तुला ठाव व्हता."

मी मान हलवली. ती चार-पाच विटा पुढे गेली. मग म्हणाली, "जावय मना बोल्ला, तू कामाला जातंस म्हनून सांगतंस आनि कुठं जाऊन बसतंस? पोरीला बी तसाच वाटला. आजून वाटतो. दिवालीला घरात दाना नव्हता, त्यानं वीस हजार उचल उचलली. आता ते फिटंस्तवर हितंच."

मी हजार रुपये पुढे केले. तिने हात कोटावर पुसतात तसे लुगड्याला पुसले, नोटा मोजल्या आणि कमरेला खोचल्या.

"बाकीचा?"

"देईन."

"कवा?"

"दर महिन्याला. जमेल तसं."

"माज्या पोरीफुडं दे," ती म्हणाली. "आनि तिला सांग, मी कामावं जात व्हती. तुज्या तोंडानं सांग."

तिची मुलगी पलीकडे चिखल तुडवत होती. तिथे आणखी सात-आठ माणसं होती, जावईही होता. मावशीने हाक मारून तिला बोलावलं, आणि तिच्याबरोबर बाकीचेही दोघे-तिघे आले, काय झालं बघायला. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. काय शब्द बोलले ते आठवत नाही. तुझी आई रोज येत होती, मी रोज चावी तिच्या हातात देत होते, मी खोटं बोलले, असं काहीतरी. जावई म्हणाला, "आता कशाला सांगतेस? आता काय उपेग?"  मुलीने आईकडे बघितलं आणि ती परत चिखलात गेली. मावशी विटांकडे वळली. मला कोणी पाणी विचारलं नाही, आणि विचारायला हवं होतं असंही नाही.

नंतर मी दर महिन्याला गेले. एकदा पाचशेच जमले, तेवढेच दिले. एकदा दीड हजार. फेब्रुवारीत मावशीला खोकला लागला होता, मार्चमध्ये ती विटा उलटत नव्हती, झोपडीत बसून सगळ्यांची भाकरी करत होती आणि बोलताना थांबून थांबून श्वास घेत होती. मी म्हटलं दवाखान्यात नेते. ती म्हणाली, "तू पैशे आन." त्या महिन्यात हजार नेले होते. नवरा तोवर उठून हलक्या कामाला लागला होता, म्हणून एप्रिलमध्ये एकदम दोन हजार नेता आले. प्रत्येक वेळी तिच्या मुलीसमोर द्यायचे, मुलीने मोजायचे, मावशीने कमरेला खोचायचे. बोलणं तेवढंच. एकदा तिने विचारलं, गेटवं आता कुठला फोन हाय. मी सांगितलं, खाचवाला. ती म्हणाली, "तो बरा," आणि पीठ मळायला लागली.

फोनबद्दल मला कोणी विचारत नाही, पण ह्या वहीत सांगते. लोक म्हणतात खाचेमुळे पडदा वाईट दिसतो. दिसू दे. जो आपल्याला बघतो आणि आपला दिवस लिहितो, त्याचा डोळा कुठे आहे ते समोरच्याला दिसायला हवं. त्या काळ्या खाचेसमोर माझी मान वर राहायची. पण मावशीसमोर, त्या केबिनमध्ये, तिचे दोन डोळे माझ्यासमोर उघडे होते, एकात फूल आणि एक चांगला, आणि तरी मी जमिनीकडेच बघितलं. तिथे फोन मध्ये नव्हता.

मे महिन्याच्या शेवटी भट्टी बंद व्हायला आली होती. त्यांची उचल फिटली नव्हती, भट्टीवाल्याने उरलेली पुढच्या वर्षावर टाकली होती, म्हणजे पुढच्या दिवाळीनंतर परत जायचं हे ठरलेलंच होतं. मी गेले तेव्हा मावशी झोपडीबाहेर गोणपाटावर आडवी होती. मुलगी भांडी बांधत होती. मी उरलेले चारशे साठ रुपये मुलीच्या हातात दिले. तिने मोजले. मग आईजवळ जाऊन खाली वाकून म्हणाली, "आये, फिटला. सगला फिटला." मावशीने डोळे न उघडता हात पुढे केला, नोटा आणि सुटे मुठीत घेतले, आणि मूठ छातीखाली दाबून कुशीवर वळली.